काटेसाहेबांनी जुन्या गाडीस ब्रेक बसविले त्याची हकिकत

श्री. जो चालवितो आणि जो थांबवितो तो एकच, त्यास प्रथम नमन. त्याउपरि वाचणारे थोर, त्यांचे सेवेसी लिहिणाराने हात जोडोन लिहिले ऐसे जे, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, चैत्रापासोन आश्विन शुद्ध दशमीपर्यंत एका राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐकिले तसे लिहिले आहे. पदरचे घातले नाही, आणि कोठे घातले असेल तर मायेने घातले असे समजोन घ्यावे. राज्याचे नाव लिहीत नाही. राज्य थोर नव्हे. घाटमाथ्यावर साखर कारखान्याचे वसाहतीत दोन खोल्या, एक ओसरी, पूर्वेस कारखान्याचे धुरांडे आणि पश्चिमेस गटार, इतकीच सरहद्द. राज्याचे धनी आनंदराव लिगाडे. यांनी तेहेतीस वर्षे कारखान्याचे वजनकाट्यावर खिडकीशी बसोन उसाच्या गाड्यांची वजने लिहिली, म्हणोन सारा मुलूख त्यांस काटेसाहेब म्हणे. माणूस सरळ, अब्रूस जपणारा, पण रुसवा मोठा. एकदा रुसले म्हणजे रुसव्यास घरात खोली देत. पत्नी अनुसयाबाई, यांचे शहाणपणावर राज्य चाले आणि नाव धन्याचे होई. मूलबाळ नव्हते. रक्ताची म्हणावी ऐशी एकच धाकटी बहीण शालन, ती घाटाखाली कोकणात दिलेली होती.

आता रुसव्याचे मूळ लिहितो. बारा वर्षांमागे शालनताईंचे कन्येचे लग्न निघाले. नवरीस बोहल्यावर मामाने न्यावे हा रिवाज, आणि सख्खा मामा एकच. काटेसाहेबांनी नवे धोतर घेतले, आहेर बांधिला आणि पत्नीसह एस्टीने कूच केले. तो घाटात एस्टी बंद पडली आणि दोन तास तेथेच मुक्काम जाहला, आणि मग खाली स्टँडावर उतरले तो न्यावयास कोणी नाही. उन्हाचे दोन मैल चालत मांडवात पोचले आणि पाहतात तो गावातला कोणी मानलेला मामा नवरीमागे उभा आणि अक्षता पडताहेत. दाजी, म्हणजे शालनताईंचे यजमान तुळशीराम, लगबगीने पुढे आले आणि म्हणाले, "मुहूर्त टळत होता, काय करणार? तुमची एस्टी कधी येईल ते कोणी सांगावं?" बोलणे साधे होते, मनात काही नव्हते. पण काटेसाहेबांस ते एस्टीचे बोलणे झोंबले. मग आहेर पाटावर ठेविला, ताटावर न बसता फिरले, आणि चारचौघांदेखत बोलिले, "आता या दारात येईन तर माझ्या स्वतःच्या गाडीनं येईन. नाहीतर येणार नाही." शालनताई नवरीस तशीच सोडोन मांडवाबाहेर धावत आल्या आणि म्हणाल्या, "दादा, चार घास तरी खा रे." खासे काटेसाहेब थांबले नाहीत. अनुसयाबाई मात्र वळोन वळोन पाहत होत्या.

पुढे सहा वर्षांनी नोकरी संपली आणि जे हाती आले त्यातून काटेसाहेबांनी एक मोटार खरेदी केली. तीस वर्षांची जुनी, पिस्ता रंगाची, दारे दोनदा आपटावी तेव्हां लागत. नाक्यावर उस्ताद बशीर मुजावर यांचे गॅरेज, तेथे ती दाखविली. उस्तादांनी चाके काढोन पाहिली आणि म्हणाले, "इंजिन ब्येस आहे साहेब. पण चारी चाकांना जुने ड्रम ब्रेक आहेत. सपाटीला चालतील. घाटात तापले की धरणार नाहीत." काटेसाहेबांस घाई होती. उस्तादांचे बोलणे एका कानाने ऐकिले आणि त्याच आठवड्यात पुरणपोळ्यांचा डबा आणि अनुसयाबाईंस घेऊन घाट उतरू लागले. घाटाची वळणे सत्तावीस. दहा वळणे बरी गेली, आणि मग अकराव्यास ब्रेकवर पाय ठेविला तो पाय तळास टेकला आणि गाडी चालतच राहिली. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी. देवाने सुबुद्धी दिली म्हणोन त्यांनी गाडी डोंगराचे अंगास घासत नेली आणि ती गटारात अडकोन थांबली. अनुसयाबाईंचे कपाळास खोक पडली. काटेसाहेबांचे हात अर्धा तास चाकावरोन सुटेनात. त्या दिवसापासोन राज्यात रुसव्याचे शेजारी भीतीही राहावयास आली आणि दोघांचे चांगले जमले.

शालनताईंनी मनात काही धरिले नव्हते. दिवाळीस, राखीस फोन करीत आणि विचारीत, "दादा, कधी येतोस?" आणि काटेसाहेब दर वेळी सांगत, "ब्रेक करून घेतो, मग येतो." ऐशी सहा वर्षे गेली. हे बोलणे पुरते खोटे नव्हते आणि खरे तर नव्हतेच. गाडी ओसरीपुढे ताडपत्रीखाली उभी असे, रविवारी बाजारापर्यंत जाई, आणि ब्रेकास कोणी हात लाविला नव्हता. अनुसयाबाई सर्व जाणोन होत्या. एकदोनदा म्हणाल्या, "अहो, एस्टीनं जाऊन या की. कोण काय म्हणतंय?" त्यावर खासे उठोन अंगणात जात.

मग शके पंचेचाळीसचे चैत्रात वर्तमान आले की शालनताईंचे हृदय कमजोर जाहले, पायांवर सूज चढली, एस्टीत बसवू नये ऐसे डॉक्टर सांगतात. दुसरे दिवशी त्यांचाच फोन आला. आवाज बारीक जाहला होता. म्हणाल्या, "दादा, चार दिवस मला तिकडं ने. तुझ्या गाडीत मागं आडवी पडून येईन. वहिनीच्या हातची भाकरी खायची आहे आणि तुझ्याशी भांडायचं आहे." काटेसाहेब हसले आणि फोन ठेविल्यावर भिंतीकडे तोंड करोन बसले. त्यांस कळोन चुकले की जे सहा वर्षे तोंडाने केले ते आता हाताने करावे लागणार. मग ओसरीवर खलबत बसले. खासे, अनुसयाबाई आणि उस्ताद. नवे सामान घ्यावे तर पेन्शनीत बसेना. उस्ताद म्हणाले, "याच कंपनीची पुढची गाडी आली, तिच्या पुढच्या चाकांना डिस्क होती. ती भंगारात मिळते, थोडं कापून-जोडून बसते. ड्रम म्हणजे बंद डबा, उष्णता आतच राहते. डिस्क उघडी, वारा लागतो, घाटात तापली तरी धरते. लोखंड जुनं चालेल. पण पॅड आणि रबरी नळ्या नव्याच घ्यायच्या. तिथं वाचवायला जायचं नाही." मसलत पसंत पडली. अनुसयाबाईंनी गुडघ्याचे दुखणे दिवाळीनंतर पाहू म्हणोन सांगितले आणि मोहीम सुरू जाहली.

मोहीम म्हणजे भंगाराची. दर महिन्याचे पहिले आठवड्यात खासे पिशवी घेऊन निघत आणि तीन तालुक्यांचे भंगारवाले पालथे घालीत. वैशाखात पुढच्या चाकांच्या दोन डिस्क, म्हणजे तबकड्या, मिळाल्या, त्या गंजलेल्या, त्यांस घासोन घेतले. ज्येष्ठात त्यांस दोहोंकडून चिमटा घेणारे दोन कॅलिपर मिळाले. काटेसाहेब हिशेबी माणूस, घोटाळा नको म्हणोन त्यांनी त्या भंगारात पडलेल्या गाडीसमोर उभे राहोन पांढऱ्या रंगाने एकावर डावा आणि दुसऱ्यावर उजवा ऐसे लिहिले आणि मगच ते उतरवू दिले. आषाढात पेडलाखालचा सिलिंडर हाती आला तो गळका निघाला, मग दुसरा पाहता पाहता अधिक श्रावण गेला आणि निज श्रावणही संपत आला. शालनताईंस सर्व कळविले जाई. त्या विचारीत, "आज काय मिळालं?" आणि भाऊ सांगे, आणि त्यांस त्यातले काही कळत नसे तरी ऐकत.

भाद्रपदात अनुसयाबाईंस राहवेना. दुखरा गुडघा घेऊन त्या एकट्या एस्टीने खाली जाऊन आल्या. आल्या त्या पायरीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "वन्संच्या पायात चप्पल जात नाही. उशा लावून बसून झोपतात. म्हणाल्या, दादाला घाई करू नको म्हणावं, ब्रेक नीट होऊ देत, मला त्याचा जीव मोठा आहे. पण अहो, तुम्ही उद्या माझ्याबरोबर एस्टीनं चला. मी हात जोडते." काटेसाहेब म्हणाले, "सामान सगळं आलंय. पंधरा दिवसांत गाडी होतेय. तिला घेऊनच येऊ." अनुसयाबाई पायरीवरोन उठल्या आणि भाकऱ्या करावयास गेल्या.

आश्विन लागला आणि उस्तादांस लेकीचे बाळंतपणासाठी आठ दिवस परगावी जाणे पडले. गॅरेजची किल्ली काटेसाहेबांचे हाती दिली आणि म्हणाले, "जड काम मी करून ठेवलंय. कॅलिपर लावून तेल भरा, हवा काढा, मी आलो की बघतो." ब्रेकाचे नळीत तेल असते आणि तेलात हवा राहिली तर पाय मऊ लागतो आणि गाडी धरीत नाही, म्हणोन ती काढावी लागते. खाशांनी डावा तो डावीकडे, उजवा तो उजवीकडे लाविला आणि हवा काढावयास बसले. अनुसयाबाई चाकामागे बसोन दुखऱ्या पायाने पेडल दाबीत आणि खासे खाली निजोन कॅलिपरचे तोंड उघडीत. "दाब. धर. सोड." ऐसे चार दिवस चालले. तेलाच्या तीन बाटल्या रित्या जाहल्या आणि पेडल तरीही भिजल्या गादीवर पाय पडावा तसे खाली जाई. काटेसाहेबांस काही उमजेना. अनुसयाबाई म्हणाल्या, "दुसऱ्या मिस्त्रीला दाखवू या." ते म्हणाले, "उस्ताद सोमवारी येतायत." आणि सोमवारी खंडेनवमी होती.

त्या गॅरेजात खंडेनवमीचा नेम ऐसा की सकाळी सर्व पाने, हातोडे, पकडी धुऊन फळीवर मांडावी, झेंडू वाहावा, आणि मग दसऱ्याची सकाळ होईतो कोणी हत्यारास हात लावू नये. हा नेम उस्तादांचे जुने भागीदार दत्तू लोहार यांनी घातला. दत्तू वारोन नऊ वर्षे जाहली तरी उस्ताद मुजावर तो नेम मोडीत नव्हते, नारळ आपले हाताने आणीत. यंदा उस्ताद वाटेत म्हणोन फोनवर सांगितले, "पूजा तुम्हीच मांडा साहेब." काटेसाहेबांनी मांडिली. दुपारी बाराचे सुमारास उस्ताद आले, फुलांस नमस्कार केला, आणि पिशवीही न ठेविता गाडीखाली वाकोन पाहिले. पाहिले आणि तसेच खाली बसले. म्हणाले, "साहेब, हवा काढायचं तोंड खाली कसं काय? डाव्याचा उजव्याला बसवलाय तुम्ही. हवा वर जाऊन बसते. खालनं कशी निघंल ती? वर्षभर दाबलं तरी निघणार नाही." काटेसाहेब म्हणाले, "मी लिहून आणलं होतं, डावा-उजवा." उस्तादांनी विचारिले, "कुठं उभं राहून लिहिलं?" तेव्हां त्यांचे ध्यानी आले. तेहेतीस वर्षे काट्याचे खिडकीत बसोन समोरून येणाऱ्या गाड्या पाहिल्या. जो आपला डावा हात, तोच समोरच्या गाडीचा उजवा. त्याच सवयीने गाडीसमोर उभे राहोन लिहिले. काटेसाहेबांस फार लाज वाटली.

उस्ताद मात्र उठोन उभे राहिले. "काही नाही, तासाचं काम आहे. दोन पाने लागतात," म्हणाले आणि फळीकडे हात केला. काटेसाहेबांनी तो हात धरिला. "आज नको उस्ताद. पूजेत आहेत. दत्तूचा नेम आहे." उस्ताद म्हणाले, "दत्तू असता तर त्यानंच पहिला पाना उचलला असता. आजारी माणसासाठी उचललेल्या हत्याराला देव काही म्हणत नाही साहेब." अनुसयाबाई म्हणाल्या, "उचलू द्या हो. देवाला काय सांगायचं ते मी सांगते." खासे ऐकेनात. इतक्यात फोन वाजला आणि तो शालनताईंचा. "दादा, येतोस आज?" यांनी सांगितले, "झालंय गं. तासाचं काम उरलंय. पण हत्यारं पूजेत आहेत. उद्या सकाळी करतो आणि सोनं घेऊनच येतो." पलीकडे ताईंनी दम घेतला आणि मग म्हणाल्या, "बरं. पूजेतली हत्यारं उचलू नकोस मग. उद्या ये." लिहिणारास येथे लपविता येत नाही म्हणोन लिहितो की काटेसाहेबांस त्या वेळी देवाचे काही पडिले नव्हते. त्यांचे डोळ्यांपुढे अकरावे वळण होते, आणि वळणापलीकडे दाजींचे दार होते, आणि त्या दारात बारा वर्षांनी काय बोलावे हे त्यांस सुचत नव्हते. नेम आयता मिळाला आणि एक दिवस पदरात पडला. फोन ठेविला तेव्हां छाती हलकी जाहली, आणि ती हलकी जाहली हे त्यांचे त्यांस कळिले.

दसऱ्याचे दिवशी उजाडताच उस्तादांनी नारळ फोडिला, हत्यारांची क्षमा मागितली आणि पाना उचलिला. डावा तो डावीकडे आला, उजवा उजवीकडे गेला, तोंडे वर जाहली. अनुसयाबाईंनी पेडल दाबिले आणि पहिल्याच खेपेस नळीतोन बुडबुडे निघाले, आणि पाचव्या खेपेस नुसते तेल. मग पेडल दाबिले ते दगडासारिखे लागले. उस्तादांनी उतारावर गाडी नेऊन पाहिली आणि हसत परत आले. तास पुरता भरलाही नव्हता. काटेसाहेबांनी खिशात आपट्याची पाने घातली, मागचे बाकावर गादी पसरली, दोन उशा ठेविल्या. साडेआठास दाजींचा फोन आला. दाजी म्हणाले, "शालन गेली. मघाशीच. चहा मागितला होता, आणून दिला तोवर गेली." काटेसाहेबांनी विचारिले, "कधी?" दाजींनी सांगितले तेव्हां त्यांनी हिशेब केला. त्या वेळी ते हात धूत होते. मग म्हणाले, "येतोय मी," आणि चाकामागे बसले. अनुसयाबाई शेजारी बसल्या. उस्तादांनी मागची गादी काढू का म्हणोन विचारिले, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या."

खाशी स्वारी घाट उतरली. ब्रेक उत्तम होते. वळणावर पाय नुसता ठेवावा आणि गाडीने ऐकावे, समोरून ट्रक आला तर थांबावे, पुन्हा निघावे. अकराव्या वळणावर काटेसाहेबांनी पाय दाबिला आणि गाडी रस्त्याचे मधोमध उभी राहिली. थांबण्याचे कारण नव्हते. मागे गाड्या वाजू लागल्या. काटेसाहेब चाकावर डोके ठेवोन मोठ्याने रडले, आणि अनुसयाबाईंनी पाठीवर हात ठेविला. मग डोळे पुसोन त्यांनी पुढची सोळा वळणे उतरिली.

दारात माणसे जमली होती. गाडी अंगणात आली तो एक शेजारीण म्हातारी पुढे होऊन काचेतून पाहू लागली आणि म्हणाली, "तुम्ही शालनचे दादा काय? झाले काय ब्रेक?" म्हातारीने बाजूस हात केला. "इथं लावा. तिनं तुळशीच्या कुंड्या हलवून जागा केली होती तुमच्या गाडीला. चैत्रापासून. आम्हा सगळ्यांना ब्रेक पाठ झाले हो." आत शालनताई निजल्या होत्या, पायांवर चादर होती, पाय चादरीतूनही मोठे दिसत होते. काटेसाहेबांनी आपट्याची पाने उशाशी ठेविली आणि तेथेच भुईवर बसले. किती वेळ बसले ते कोणी पाहिले नाही. मग दाजी येऊन शेजारी टेकले. दाजी फार म्हातारे जाहले होते. काटेसाहेब म्हणाले, "दाजी, माझं चुकलं." दाजी म्हणाले, "चुकायचं काय त्यात." आणि कोणास दोष न देता, जसे घडले तसे सांगितले, "मी तिला दोनदा म्हणालो, भाड्याची गाडी करतो, वर सोडून येतो तुला. आषाढात म्हणालो, परवा पुन्हा म्हणालो. गाडीवाल्याला बोलावलं पण होतं. नको म्हणाली. म्हणाली, दादा माझ्यासाठी ब्रेक करतोय. मी दुसऱ्याच्या गाडीनं गेले तर त्याला काय वाटेल?"

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. सारांश, जुन्या गाडीस थोड्या पैशांत उत्तम ब्रेक बसले, पॅड आणि नळ्या नव्या घेतल्या होत्या म्हणोन आजवर तक्रार नाही, आणि उस्तादांचे कामात काही उणे नव्हते. काटेसाहेब आता महिन्यातोन एकदा घाट उतरतात, दाजींपाशी दुपारभर बसतात आणि उजेड आहे तोवर माघारी येतात. वसाहतीतले लोक हळहळोन म्हणतात की एक तास कमी पडला. काटेसाहेब ऐकोन घेतात आणि म्हणतात, बारा वर्षे होती. हकिकत येथे पुरी, लेखणी खाली ठेविली.